वर्गणीच्या पैशातला कॅमेरा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार चळवळीतला माणूस. तो बोनसवर बोलेल, ठेकेदारीवर बोलेल, फार तर जुन्या लढ्यांच्या आठवणी सांगेल. आम्ही विषय कळवला तो कॅमेरा निवडण्याचा, आणि तोही जुन्या पद्धतीचा, रोल घालण्याचा. चालकांचा लगेच फोन आला की, पत्रात काही चूक तर झाली नाही ना?

चूक झालेली नाही. थोड्या पैशांत मधल्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा कसा निवडावा, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही छायाचित्रकार नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती फौंड्रीत फेटलिंगच्या कामाला लागलो, आणि पुढे संघटनेचे काम गळ्यात पडले ते आजतागायत. जे काही वाचले ते करवीर नगर वाचन मंदिरात बसून, आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत. तेव्हा भिंगांचे शास्त्र आमच्याकडून ऐकायला मिळेल अशी आशा कोणी धरू नये. दुसऱ्यांच्या पैशाने एखादी वस्तू घ्यायची झाली म्हणजे माणूस कोठे चुकतो, ते मात्र आम्हाला स्वानुभवाने सांगता येईल.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर १९७४ सालचा एक समूह-फोटो आहे. साठ-बासष्ट माणसे, चार रांगा, पुढे सतरंजीवर बसलेली नवी पोरे. शहरातल्या एका स्टुडिओवाल्यांनी तिपाईवरचा मोठा कॅमेरा आणून, डोक्यावर काळे कापड घेऊन तो काढला होता. २००६ साली या फोटोतल्या एका कोअर बनवणाऱ्या कामगाराची पत्नी कचेरीत आली. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. घरात त्याचे एकही चित्र नाही आणि नातीचे लग्न तोंडावर आलेले. स्टुडिओवाल्यांच्या मुलाने माळ्यावरून निगेटिव्ह शोधून काढली, आणि तिसऱ्या रांगेतला हरभऱ्याच्या डाळीएवढा चेहरा वाढवून चांगला वीतभर फोटो करून दिला. बाईंनी तो पदराने पुसला आणि एवढेच म्हणाल्या, “मिशी अशीच होती.”

याच्या उलट दुसरी गोष्ट. २०११ साली आमचा एक सभासद वारला. त्याचे चित्र म्हणून कारखान्याच्या ओळखपत्रावरचे तेवढे मिळाले, आणि त्यावर शिक्का बरोबर डाव्या डोळ्यावर मारलेला. वस्तुतः २००९ च्या मोर्चात तो अगदी पुढे होता आणि त्या मोर्चाचे दोनशे-अडीचशे फोटो आमच्या संगणकात होते. पण ती डिस्क एका पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच. प्रती काढून ठेवल्या असत्या तर हे झाले नसते, हे आम्हाला कबूल आहे. परंतु प्रती काढून ठेवणे हे काम रोज करावे लागते, आणि संघटनेच्या कचेरीत रोज करण्याचे काम कोण करतो हे ज्याने संघटना चालवली त्याला विचारावे. निगेटिव्ह मात्र पत्र्याच्या डब्यात घालून विसरून गेले तरी चालते. आम्ही विसरलोच होतो.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या एका फौंड्रीत बातमी आली की, पुढच्या एप्रिलअखेर कारखाना बंद होणार. सभासद १३८. देण्याघेण्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्यांची हकीकत आज सांगत नाही. पण एका बैठकीत एक तरुण फिटर म्हणाला, “भाऊ, पैशाचं काय व्हायचं ते हुईल. पण आपण हितं हुतो ह्याचं काय?” त्यातून ठराव झाला : प्रत्येक सभासदाचा त्याच्या कामाच्या जागी एक चांगला फोटो काढावा, त्याची निगेटिव्ह संघटनेने जपावी, आणि या कामासाठी सर्व मिळून २५,००० रुपयांपर्यंत खर्च करावा.

आमचे खजिनदार म्हणाले, “भाऊ, मोबाइल हाय की सगळ्यांच्या खिशात. पंचवीस हजार कशाला घालताय?” प्रश्न रास्त होता. वर्गणीचा पैसा हा घामाचा पैसा असतो, हे वाक्य आम्ही भाषणात पुष्कळदा वापरले आहे; खजिनदार ते हिशेबात वापरतात. आम्ही त्यांना १९७४ चा फोटो आणि डोळ्यावर शिक्का असलेले ओळखपत्र, दोन्ही टेबलावर ठेवून दाखवले. ते म्हणाले, “बरं. पण पंचवीसच्या वर एक रुपया न्हाई.”

आता “मधला आकार” म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांनी पूर्वी जो छत्तीस फोटोंचा रोल वापरला, त्यातले एक चित्र २४ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद असते. काळ्या कापडाच्या कॅमेऱ्यात पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहून मोठी काच अथवा फिल्म असते. या दोहोंच्या मध्ये एकशे वीस नंबरचा रोल येतो. तो सुमारे ६ सेंटिमीटर रुंद, पाठीला काळा कागद लावलेला. त्यावर चौकोनी चित्र काढले तर ते ५६ मिलिमीटर लांब आणि तितकेच रुंद येते. लहान रोलच्या चित्राचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, याचे ३,१३६. म्हणजे साडेतीन पटींहून थोडे अधिक. चेहरा वाढवताना हा फरक डोळ्यांना दिसतो : पापण्या, कपाळावरचा वाळूचा थर, शर्टाला पडलेली ठिणगीची भोके, सगळे सुटे सुटे राहते.

गरिबाच्या दृष्टीने या रोलचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. कोडॅक कंपनीने तो १९०१ साली काढला, आणि तो आजही विकत मिळतो. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजचा रोल खाऊन आज काम देतो. यंत्र जुने आणि कच्चा माल ताजा, अशी सोय आमच्या फौंड्रीतसुद्धा फार थोड्या मशिनांना होती. एक सावधगिरी मात्र हवी. कोडॅकनेच १९३२ मध्ये ६२० नंबरचा एक रोल काढला. फिल्म तीच, तेवढ्याच रुंदीची, फक्त रीळ बारीक. तो रोल १९९५ मध्ये बंद झाला. जुन्या बाजारात ६२० चे कॅमेरे स्वस्त मिळतात ते याच कारणाने. अंधारात बसून फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळली तर तेही चालतात, पण १३८ माणसांचे काम डोक्यावर असताना हा उद्योग कोणी करू नये.

एकशे वीसच्याच रोलवर निरनिराळे कॅमेरे निरनिराळ्या आकारांची चित्रे काढतात : सोळा, बारा, दहा किंवा आठ. जितकी कमी तितकी मोठी. आमची पहिली चूक येथेच झाली. आठ चित्रांचा आकार सर्वांत मोठा, ९ सेंटिमीटर रुंदीचा. आणि तो देणारा घडीचा कॅमेरा, म्हणजे भात्याचा, मिटला की खिशात मावणारा, सर्वांत स्वस्त. मोठे ते चांगले आणि स्वस्त ते आपले, असा आम्ही विचार केला. मुंबईच्या एका जुन्या बाजारात एका विक्रेत्याने ४,५०० रुपयांना तो दिला. भिंग स्वच्छ, शटर टकटक वाजत होते, चामडे चकचकीत. विक्रेता म्हणाला, “साहेब, जर्मन माल आहे.” होताही जर्मन.

चाचणीसाठी एक रोल खर्चावा असे मनात आले होते. एका रोलला तेव्हा आम्हाला ६०० रुपये पडत होते. खजिनदारांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ते ६०० रुपये आम्ही वाचवले. सरळ कामालाच लागलो. डिसेंबरात तीन रोल, चोवीस माणसे. भट्टीपुढे उजेड कमी, म्हणून सगळ्यांना पटांगणात उन्हात उभे केले. त्यांत आमचे एक जुने मोल्डर होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणे. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. फोटोला उभे राहताना त्यांनी हातात थापी घेतली आणि विचारले, “ही दिसंल न्हवं?” आम्ही म्हणालो, दिसेल.

तीन रोल धुऊन आले. प्रत्येक चित्रावर ढगासारखे पट्टे आणि ठिपके. भात्याच्या घडीच्या कोपऱ्यांत सुईच्या अग्राएवढी भोके होती. उन्हात भाता उघडला की त्यांतून उजेड आत जाई. मामांच्या चित्रात थापी दिसत होती. तोंडावर पांढरा डाग होता. बाकीच्या तेवीस जणांचे पुन्हा काढता येणार होते. मामा १९ जानेवारीला गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते.

त्यांच्या घरी फोटो मागायला आले तेव्हा काय सांगितले ते येथे सांगत नाही.

कार्यकारिणीपुढे आम्ही सर्व मांडले. कोणी रागावले नाही, आणि ते अधिक जड गेले. फक्त असे ठरले की, पुढचा कॅमेरा माहितगार माणसाला दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही. वस्तुतः ही गोष्ट आम्हाला आधीच सुचायला हवी होती. कास्टिंग घेताना आपण ते हातोडीने वाजवून पाहतो, आत पोकळी असेल तर आवाजावरून समजते. लेथ घेताना बेडवर डायल फिरवतो. कॅमेरा मात्र चामड्याची चकाकी पाहून घेतला. या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चलच्चित्राचा कॅमेरा येथल्याच कारागिरांच्या साहाय्याने घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या गावच्या माणसाने भात्याची भोके तपासू नयेत, याची लाज वाटली.

शहरातले एक निवृत्त स्टुडिओवाले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही. “कॅमेरा कशाला पाहिजे?” माणसे काढायला. “डोंगर, पक्षी, लग्नं?” नाही. “मग भिंगे बदलायची सोय आणि मागची पेटी बदलायची सोय असलेला कॅमेरा तुम्हाला कशाला? त्या सोयींचे पैसे पडतात.” एवढ्या दोन वाक्यांत निम्मा बाजार आमच्यापुरता बंद झाला. हॅसलब्लाड गेला. चंद्रावर १९६९ मध्ये माणसे उतरली तेव्हा त्यांच्यापाशी होता तो याच घराण्याचा. फार उत्तम यंत्र, आणि त्याच्या किमतीत आमची तीन वर्षांची मोर्च्यांची पत्रके छापून होतील. मामिया आरबी गेला. तो भिंगासकट अडीच किलोच्या वर भरतो. आमच्याकडे वजन उचलणारी माणसे पुष्कळ आहेत, पण फोटो काढताना हात थरथरणे परवडत नाही.

उरले ते दोन भिंगांचे कॅमेरे. पेटीसारखा आकार, पुढे एकावर एक दोन डोळे. वरच्या डोळ्याने पाहायचे, खालच्या डोळ्याने चित्र घ्यायचे. वरचे भिंग आतल्या तिरक्या आरशावरून चित्र वरच्या दुधी काचेवर पाडते, आणि कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून ते पाहायचे असते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी फ्रांके आणि हाइडेके यांनी १९२९ मध्ये बाजारात आणलेला रोलायफ्लेक्स हा या जातीचा मूळपुरुष. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या गळ्यात पुष्कळ वर्षे रोलायफ्लेक्सच असे. रोलायफ्लेक्सची किंमत विचारली, आभार मानले. त्याचाच धाकटा भाऊ रोलायकॉर्ड. तो आम्हाला दोन ठिकाणी मिळाला, पण एकाच्या भिंगात बुरशी आणि दुसऱ्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेर.

स्वस्तातले म्हणून रशियन ल्युबिटेल पाहिला. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा. अंग प्लास्टिकचे, भिंग तीन काचांचे आणि किमतीच्या मानाने चांगले. शिकणाऱ्या मुलाने जरूर घ्यावा. पण त्याच्या वरच्या काचेवर चित्र स्पष्ट झाले की नाही हे नीट कळत नाही. मधल्या एवढ्याशा दुधी ठिपक्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि चष्मा लावणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला ते झेपत नाही. चिनी सीगलही पाहिला. तो वाईट नव्हता. हाती आलेल्या नगाचे शटर मात्र अडकत होते. अनेकांच्या घरी बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आगफा क्लिक थ्री असेल. तोही एकशे वीसचाच रोल घेतो आणि आजही चालतो. मुलांना उन्हात खेळायला द्यावा. अंतर जुळवण्याची सोय नाही, शटरची गती ठरलेली. भट्टीच्या उजेडात तो आंधळा.

शेवटी जपानी याशिका. याचा १२४-जी हा प्रकार सर्वांना ठाऊक, म्हणून महाग. त्यात प्रकाश मोजण्याचे यंत्र बसवलेले असते, त्याला पाऱ्याची बॅटरी लागते, आणि ती बॅटरी आता बनत नाही. म्हणजे जे चालणार नाही किंवा चुकीचे दाखवील, त्याचे जादा पैसे द्यायचे. अण्णा म्हणाले, “याशिका-डी बघा. १९५८ पासूनचा आहे. मीटर नाही, दांडी नाही, गोल खुंटी फिरवून रोल पुढे घ्यायचा. जे नाही ते बिघडत नाही.” हे शेवटचे वाक्य आम्ही कारखान्यातही ऐकले होते, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रथमच ऐकले. सांगलीच्या एका गृहस्थांकडे असा नग ९,५०० रुपयांना निघाला. वडिलांचा होता.

तपासणी अण्णांनी केली ती सांगतो, कारण हाच या विषयाचा गाभा आहे. मागचे झाकण उघडले, शटर उघडे ठेवून पाठीमागून बॅटरीचा उजेड टाकला आणि पुढून भिंगात तिरके पाहिले. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. धूळ असेल तर तिची फिकीर करू नये. मग शटर एका सेकंदावर लावून घड्याळाशी ऐकले. जुने तेल घट्ट झाले की सेकंदाचे दोन होतात, किंवा शटर उघडून तसेच राहते. त्यानंतर खरी परीक्षा. जेथे फिल्म बसते त्या दोन पट्ट्यांवर दुधी काचेचा तुकडा, खरखरीत बाजू आत करून, ठेवला. दूरच्या विजेच्या खांबावर वरची काच जुळवली आणि खालच्या तुकड्यावर तो खांब तितकाच स्पष्ट येतो का ते भिंग लावून पाहिले. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात हे दोन्ही डोळे एक बोलले पाहिजेत. एक जरी खोटे बोलला तरी माणूस वरून स्पष्ट दिसतो आणि निगेटिव्हवर पुसट येतो. मग वाया गेलेल्या रोलचा कागद भरून बारा घरे मोजून पाहिली. शेवटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून शटर साफ करून घेतले. त्याने १,५०० घेतले. ज्याला कोणाला जुना कॅमेरा घ्यायचा आहे त्याने हे १,५०० किमतीतच धरावेत. कॅमेरा चालू आहे असे विकणारा सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच सांगत असतो. तो कोणत्या वेगाने चालतो हे त्यालाही ठाऊक नसते.

आणि मग चाचणीचा रोल. या वेळी आम्ही तो विनातक्रार घातला. बरे झाले. या याशिकात रोल पुढे घेणे आणि शटर ताणणे ही दोन वेगळी कामे आहेत. रोल पुढे न घेता शटर पुन्हा ताणले तर एकाच चित्रावर दोन फोटो पडतात. चाचणीत आमच्या खजिनदारांच्या खांद्यावर कँटीनवाल्याचे डोके आले. तो फोटो खजिनदारांनी मागून घेतला आहे.

आता हिशेब. हे दर २०१८-१९ चे आहेत. आज रोल पुष्कळ महाग झाले आहेत, तेव्हा आकड्यांकडे न पाहता त्यांच्या प्रमाणाकडे पाहावे. पहिला कॅमेरा ४,५००, त्याचे तीन रोल १,८००. दुसरा कॅमेरा दुरुस्तीसह ११,०००. रोल धुण्याची रसायने व थर्मामीटर १,१००. टाकी अण्णांनी दिली. राहिले ६,६००. चाचणीचा एक आणि कामाचे बारा, असे तेरा रोल ७,८००. म्हणजे १,२०० कमी. प्रत्येकाची दोन दोन चित्रे घेण्याचा मूळ बेत केव्हाच सोडला होता. एका माणसाला एकच. तरी १,२०० कमीच. ते आम्ही आमच्या खिशातून भरतो म्हणालो, आणि कार्यकारिणीने ते घेतले. त्यांनी ते घेतले हे योग्यच झाले. पहिला कॅमेरा विकून पैसे उभे करा, असेही एकाने सुचवले. पण भोके लपवून विकायला मन घेईना, आणि भोके सांगून विकायचा तर कोणी घेईना. तो अजून कपाटात आहे.

बारा रोल म्हणजे १४४ चित्रे, आणि सभासद १३८. सहा शिल्लक. कोणी डोळे मिटले तर उपयोगी पडतील म्हणून आम्ही ती राखली होती. कोअर शॉपमध्ये ठेकेदाराकडच्या सहा बायका होत्या, चौदा-पंधरा वर्षे काम करणाऱ्या. त्या सभासद नव्हत्या. त्यांना सभासद करून घेण्यात आम्ही का कमी पडलो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यांपैकी एकीने विचारले, “आमचा न्हाई काढणार व्हय?” वर्गणी सभासदांची, ठराव सभासदांचा. बैठकीत दोन मते पडली. शेवटी खजिनदारच म्हणाले, “रोलमधी सहा घरं रिकामी जाणार. ती तशीच जाऊ देणं हीच पैशाची नासाडी.” सहाही चित्रे त्या सहाजणींची झाली. राखीव काही उरले नाही, आणि म्हणून १४४ चित्रांत तीन माणसांचे डोळे मिटलेले आहेत. तिघांनीही आपले फोटो तसेच घेतले.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत रोज दुपारच्या सुट्टीत दोन-तीन माणसे, असे काम चालले. बाहेर सावलीत शटर अडीचशेवर आणि छिद्र आठवर. आत भट्टीपाशी छिद्र पूर्ण उघडे आणि शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर, तिपाईला वाळूचे पोते बांधून. उजेड मोजायला मोबाइलमधले फुकटचे अ‍ॅप वापरले; खजिनदारांना त्यात फार समाधान वाटले. या कॅमेऱ्याचे शटर हळूच टिक वाजते, माणूस दचकत नाही. आणि मान खाली घालून पाहावे लागत असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, जी कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नाही. डोळ्याला कॅमेरा लावून आपण समोर उभे राहिलो की कामगार ताठ होतो, ओळखपत्राच्या फोटोसारखा. पण फोटो काढणाराच आपल्यापुढे मान वाकवून उभा आहे असे दिसले की तो सैल पडतो. एक भट्टीवाला म्हणाला, “भाऊ, फोटू माझा काढताय का माझ्या पायाचा?” आणि हसला, तेवढ्यात आम्ही बटण दाबले. सुनील जाना यांनी या देशातल्या खाणकामगारांची आणि शेतकऱ्यांची जी छायाचित्रे काढली, ती आम्ही पुस्तकात पाहिली आहेत. त्यांची आमची बरोबरी नाही. पण त्यांतली माणसे आपल्याकडे बरोबरीने का पाहतात, याचा थोडा उलगडा त्या तीन महिन्यांत झाला.

रोल आम्ही घरीच धुतले. डेव्हलपर डी-७६ म्हणून १९२७ पासून चालत आलेला. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि टाकणखार, एवढीच द्रव्ये. तो वीस अंश उष्णतेला वापरायचा असतो, आणि कोल्हापुरात एप्रिलात नळाचे पाणी त्याच्या कितीतरी वर असते. रात्रभर माठात ठेवलेले पाणी आणि त्याच्याभोवती बर्फाचे चार तुकडे, यांवर भागले. बारा रोलांपैकी एकही वाया गेला नाही. घरातल्या मंडळींनी मोरी दर वेळी तासभर बंद ठेवू दिली, त्यांचे आभार आम्ही आधी मानायला हवे होते.

छापण्याचा खर्च ठरावात नव्हता. तो ज्याने त्याने दिला, आणि अण्णांनी आपल्या जुन्या यंत्रावर सगळे फोटो वाढवून दिले. निगेटिव्हा चार चार चित्रांच्या पट्ट्या कापून, कागदी पाकिटांत घालून, प्रत्येकावर नाव, खाते आणि कामाला लागल्याचे साल लिहून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत.

मामांचे घर रिकामे ठेवायचे की काय, असा प्रश्न होता. १३८ मध्ये ते होते. ठराव झाला तेव्हा हयात होते. त्यांचा मुलगा थापी घेऊन आला. मामांच्या जागेवर, त्यांनी शेवटचे बसवलेले मोल्डिंगचे खोके तसेच होते; त्यावर ती ठेवली आणि एक चित्र घेतले. पाकिटावर त्यांचेच नाव आहे.

आता कॅमेऱ्याचे पुढे काय, असे चालकांनी विचारले होते. तो संघटनेच्या कपाटात आहे, हवाबंद डब्यात, दमटपणा शोषणाऱ्या पुड्यांसह. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशीपासून वाचवायचे तर एवढे करावेच लागते. दर महिन्याला बाहेर काढून शटर दहा-बारा वेळा चालवतो, म्हणजे तेल गोठत नाही. दुसऱ्या कोणत्याही संघटनेला, महिला मंडळाला, वाचनालयाला तो आठ दिवसांसाठी मिळू शकतो. भाडे नाही. वापर समजावून घ्यायला एक दुपार यावे लागेल, आणि रोल आपला आपण आणायचा.

आज तो आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवू. ज्यांना हातात घेऊन वरच्या काचेतून पाहायचे असेल त्यांनी खुशाल पाहावे. आत रोल भरलेला आहे आणि सात चित्रे झालेली आहेत, तेव्हा मागचे झाकण मात्र कोणी उघडू नये.